सांबूकातलं 1 युरोचं घर: फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

फॅमिली ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे एकच मेसेज फिरतोय: इटलीत सिसिलीच्या डोंगरात सांबूका नावाचं गाव आहे, बघण्यासारखं काही नाही म्हणून ते ओसाड पडलं, आता तिथे 1 युरोत घर मिळतंय आणि घर घेतलं की नागरिकत्व पण फ्री. गाव खरं, स्कीमही खरी, बाकी सगळा मीठमसाला.

आधी पैशांचं बोलू. 2019 च्या जानेवारीत तिथल्या पालिकेने 16 घरं विकायला काढली, पण 1 युरो ही लिलावाची सुरुवातीची बोली होती ओ, घराची किंमत नाही. वर 5,000 युरो डिपॉझिट आणि 3 वर्षांत किमान 15,000 युरो घालून घर दुरुस्त करायची अट, नाही केलं तर डिपॉझिट बुडालं. पुढच्या खेपेला 2021 मध्ये तीच बोली 2 युरोपासून आणि 2024 मध्ये 3 युरोपासून. लॉरेन ब्रॅको या अमेरिकन नटीने यातलंच एक घर घेतलं, त्यात पाणी नाही, वीज नाही, आणि दुरुस्तीला बाईंचे लाखाच्या वर डॉलर गेले.

दुसरं, ओसाड वगैरे. पाच-साडेपाच हजार वस्तीचं गाव आहे ते, बाजार-चर्च सगळं चालू. रिकामी आहेत ती जुन्या भागातली घरं, आणि त्याचं कारण म्हणजे 1968 च्या जानेवारीतला बेलीचे नावाच्या खोऱ्यातला भूकंप, ज्यात शेजारचं जिबेलिना पार झोपलं. सांबूका वाचलं पण जुन्या भागातली माणसं हलली, काही जण पोटापाण्यासाठी आधीच बाहेर गेले होते. ही घरं पालिकेच्या ताब्यात आली म्हणून विक्री पटापट झाली, नाहीतर अशा स्कीमवाल्या बाकीच्या गावांत सातबाऱ्यावर बारा नावं आणि निम्मे वारस अमेरिकेत, अशी गत असते.

नागरिकत्वाचं तर सोडाच. घर घेतलं म्हणून इटली पासपोर्ट देत नाही, आपल्याला टुरिस्ट व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस, बास. कायम राहायचं तर वेगळा व्हिसा, त्यात नोकरीशिवाय मिळणारं उत्पन्न दाखवा.

आणि "बघण्यासारखं काही नाही" हे लिहिणाऱ्याला तर दंडवत. गाव वसवलं अरबांनी, साधारण 830 च्या सुमारास, 1923 पर्यंत नावच सांबूका झाबूत होतं, ते मुसोलिनीच्या काळात बदललं. पूर्वी किल्ला होता त्या जागेखाली आजही सारासेन, म्हणजे अरबांच्या, गल्ल्या आहेत, सात अरुंद बोळ, बाहेरच्याने शिरलं की हमखास चुकावं असे. वर मॉन्ते आद्रानोने नावाच्या डोंगरावर त्याहून कितीतरी जुनं शहर, आधी स्थानिक लोकांचं, मग सिसिलीतल्याच सेलिनुन्ते शहरातल्या ग्रीकांचं, मग उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजवाल्यांचं, आणि इसवी सनापूर्वी 250 च्या आसपास पहिल्या प्युनिक युद्धात (रोम विरुद्ध कार्थेज) उद्ध्वस्त झालेलं. खाली आरांचो तलाव, 1950 च्या दशकात धरण बांधून झालेला, आणि त्यात माझ्झालाक्कार नावाचा चार बुरुजांचा अरबी किल्ला, जो पाणी भरलं की बुडतो आणि उतरलं की बाहेर येतो. गावाने 2016 मध्ये इटलीतलं सगळ्यात सुंदर गाव म्हणून टीव्हीवरची स्पर्धापण जिंकलीये, तेव्हा ही 1 युरोवाली स्कीम कुठे होती?

खाण्याचं विसरत होतो. मिन्नी दी व्हर्जिनी ही तिथली मिठाई, दुधाची खीर, भोपळ्याचा मुरांबा, चॉकलेटचे तुकडे आणि दालचिनी भरलेली, 1725 मध्ये एका ननने तिथल्या मार्किसच्या (सरदाराच्या) घरच्या लग्नासाठी केली असं सांगतात. आकार आणि नावाचा अर्थ इथे लिहीत नाही, ग्रुपवर काकू आहेत.

घर घ्यायचं नसेल तरी पालेर्मोला उतरलात तर एक दिवस काढाच, फक्त तलावातला किल्ला बघायचा असेल तर उन्हाळा सरता सरता जा, हिवाळ्यात नुसतं पाणी दिसेल.