पावती क्रमांक ३७

आज तालुक्याला आमच्या ग्रंथालय कर्मचारी संघाची वार्षिक सभा होती. माणसं आली अकरा, खुर्च्या मांडलेल्या चाळीस. त्या परत गाडीत भरताना मंडपवाल्याचा पोरगा मला अहिराणीत विचारतो, "ताई, लगन मोडी गयं का?" हसू आलं आणि डोकंही फिरलं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही दोनशे सहा आहोत बरं का. रोज सकाळी गुलाबाची फुलं, आणि ग्रंथालयांच्या सरकारी अनुदानाचा हप्ता लांबला की दिवसभर एकच पालुपद, "संघटना काय करतेय?" अहो, संघटना म्हणजे कोण? सत्तरी ओलांडलेले आमचे चिटणीस अप्पा आणि त्यांचं पावतीपुस्तक!

अप्पांचं एक सांगते. नागपूरला हिवाळी अधिवेशनावर मोर्चा होता. भुसावळहून रात्रीच्या गाडीने, जनरलच्या डब्यात उभ्याने गेलो. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांनी अडवलं तसं तिथेच रस्त्यावर बसलो. अप्पांनी फडकं सोडलं. कळण्याच्या चार भाकरी आणि ठेचा, खाणारे आम्ही आठ. सगळ्यांना पुरवून झाल्यावर त्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं. "खाई लिधं ना? आते वर्गणी काढा."

२०२२ मध्ये अनुदान साठ टक्क्यांनी वाढलं तेव्हा पेढे वाटले लोकांनी. आमच्यासारख्या 'ड', म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातल्या सार्वजनिक ग्रंथालयाला तीस हजारांचे अठ्ठेचाळीस झाले. वर्षाचे! त्यातले निम्मे वेतनाचे, म्हणजे महिन्याला दोन हजार. माझी जाऊ केळीच्या बागेत मजुरीला जाते, तिला आठ दिवसांत एवढे सुटतात. वेतनश्रेणी, सेवाशर्ती हे शब्द मी निवेदनांत इतक्यांदा लिहिलेत की झोपेतही शुद्धलेखन चुकायचं नाही.

हो, पाटीपुरती ग्रंथालयं होती. २०१२ च्या सरकारी पडताळणीत ती उघडी पडली, मान्य. पण मी रोज कुलूप उघडते, झाडू मारते, पेपर लावते, त्याचं काय?

आणि आमच्यातली एकी तर विचारूच नका. कॉलेजच्या ग्रंथपालांना यूजीसीची श्रेणी, त्यांना आमच्यात बसायचा कमीपणा. शाळेतले अर्धवेळवाले पूर्णवेळ कधी होणार याच्या मागे. सार्वजनिक ग्रंथालयातले आम्ही कुणाच्याच पंगतीत नाही. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालायला मात्र सगळे एका रांगेत. भाषणात जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ सालचं, हा अभिमानही दरवर्षी तोच. २०२४ ला अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा मांडवात फोटो काढणारे आमचेच किती होते! त्यातला एकही आज फिरकला नाही.

अप्पाही खुर्ची सोडत नाहीत, असं पोरं म्हणतात. खरंय थोडं. पंधरा वर्षं चिटणीस तेच, इतिवृत्त अजून हातानेच लिहितात, ईमेल म्हटलं की कानावर हात. पण आज त्यांनी स्वतःहून विचारलं, "कोन लेस का हाई दप्तर?" तर दहाच्या दहा माना मोबाइलमध्ये. त्यातली एक माझी.

हे लिहिताना मघाचा राग उतरला माझा, कारण पुढचं सांगायचं राहिलंय.

सभा संपल्यावर अप्पांनी पावतीपुस्तक उघडलं. शंभर पानांचं, चार वर्षांपूर्वी छापलेलं, आणि पावत्या फाटल्या होत्या छत्तीस. मी सहज पानं चाळत माझं नाव शोधलं. पहिल्या वर्षी होतं, पुढची तीन वर्षं नव्हतंच. नागपूरच्या रस्त्यावर त्यांची भाकरी खाल्लेली मी! वर्गणी वर्षाची शंभर रुपये. पर्समधून तीनशे काढून पुढे केले.

अप्पांनी चष्मा पुसला, कार्बन नीट सरकवला, सदतीस नंबरची पावती लिहिली आणि शंभराची एक नोट मला परत केली. म्हणाले, "दोन सालनं लिखं. एक साल तू नागपूरले उनी व्हती ना."

अंगठ्याला कार्बनची निळाई तशीच घेऊन ते एसटी स्टँडकडे गेले. गुडघा दुखतो म्हणून हल्ली सावकाश चालतात.

आत्ता ग्रुप उघडला. सभेच्या फोटोखाली त्रेपन्न अंगठे आलेत.