सावकाश वर जाणारी मूठ

चारचौघांत उठून न दिसणारी, पण दार उघडून आत बसताच आपला दर्जा जाणवून देणारी मध्यम आकाराची कौटुंबिक गाडी कोणती, असे कोणी विचारले तर मी आजही फोक्सवॅगन पसाटचेच नाव घेतो, आणि त्यातही १९९६ साली आलेल्या पाचव्या पिढीचे.

१९७३ सालच्या पहिल्या पसाटला थाट असा नव्हताच. मागे बसवलेल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचे दिवस भरत आले होते, म्हणून ऑडी ८० या गाडीचाच पाया घेऊन आणि मागची बाजू उतरत्या छताची करून ती उभी केली गेली. तिचे रूप इटालियन रचनाकार जोर्जेत्तो जुजारो यांचे. १९८८ ची तिसरी पिढी समोर जाळी नसलेली, त्यामुळे पुष्कळांना ती बिननाकाची वाटे. मला तो धीटपणा आवडतो.

पाचव्या पिढीने मात्र पायरी ओलांडली. ऑडी ए४ शी नाते सांगणारा सांगाडा, एका सलग कमानीसारखे छत, ०.२७ इतका कमी वातरोध गुणांक (म्हणजे हवा कापताना होणाऱ्या अडथळ्याचे माप) आणि पुढच्या चाकांना आधार देणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दांड्या, ही सगळी महागड्या गाडीची लक्षणे मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत आली. (त्या दांड्यांचे सांधे झिजले की खर्चही दांडगाच असतो.) रात्री दिवे लावले की डायलवरचे आकडे गडद निळे आणि काटे लाल दिसत, आणि छताजवळची मूठ ओढून सोडली तर ती खाडकन न आपटता सावकाश आपल्या जागी जाई. बसणाऱ्याच्या रोज हाताला लागणाऱ्या वस्तूवर इतका विचार झालेला असणे, यालाच मी श्रीमंती म्हणतो. याच गाडीत २००१ साली चार लिटरचे, आठ सिलिंडरचे डब्ल्यू८ इंजिन बसवले गेले, तो मला हौसेचा अतिरेक वाटतो, कारण बिनबोभाट राहणे हाच जिचा गुण, तिला गर्जना शिकवून काय साधणार होते?

२००५ च्या पिढीत हँडब्रेकची दांडी जाऊन बटण आले, आणि २०२३ च्या नवव्या पिढीत तर सेडानच गेली. युरोपात आता पसाट फक्त इस्टेट, म्हणजे छत थेट मागच्या दारापर्यंत नेलेल्या, रूपात मिळते. याची हळहळ मला फारशी वाटत नाही, कारण ६९० लिटरची डिकी आणि मागची आसने पाडल्यावर १,९२० लिटरपर्यंत वाढणारी जागा पाहिली की कुटुंबाला हेच रूप सोयीचे, हे मान्य करावे लागते. एसीचे तापमान बदलण्यासाठी गोल खटका फिरवण्याऐवजी पडद्याशी बोटे घासावी लागतात, हे मात्र मला पटलेले नाही. खटका न पाहता सापडतो, पडद्याकडे पाहावे लागते.

म्हणून जुनी, नीट राखलेली पाचव्या पिढीची इस्टेट कुठे विकायला निघालेली दिसली, तर मी आधी आत बसून छताजवळची मूठ ओढून सोडतो, आणि ती अजूनही सावकाश वर गेली, तरच मालकाला बॉनेट उघडायला सांगतो.