ऑइलगळतीवर ब्रेक ऑइलचा उतारा : एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

“जुन्या गाडीचे इंजिन ऑइल गळते आहे? मेकॅनिकला हजारो रुपये देऊ नका” अशी सुरुवात असलेला आणि “प्रत्येक गाडीवाल्यापर्यंत पोहोचवा” अशी आज्ञा देऊन संपणारा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. त्यातले सांगणे थोडक्यात असे : थेंब जिथे पडतो, त्याच्या बरोबर वरचे सील (सांध्यातून तेल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) गेलेले असते, जाड ऑइल घातले की गळती थांबते, तरीही न थांबल्यास इंजिन ऑइलमध्ये कपभर ब्रेक ऑइल ओतावे, म्हणजे सील फुगून पुन्हा घट्ट बसतात, कव्हरचे नट जोर लावून आवळावेत, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागत नाही तोवर निर्धास्त राहावे. हा संदेश माझ्या सांगलीच्या मामांपर्यंत पोहोचला. त्यांच्याकडे कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे आणि तिच्यावर त्यांचा जीव आहे. कोणत्या कंपनीचे ब्रेक ऑइल जास्त चांगले, हे विचारायला त्यांनी फोन केला नसता, तर मी या मजकुराकडे दुर्लक्षच केले असते.

ब्रेक ऑइलचाच मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या बहुतेक सल्ल्यांनी फार तर पैसे वाया जातील. या सल्ल्याने इंजिन जाईल. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते मुळात खनिज तेलच नाही. डॉट ३ आणि डॉट ४ या दर्जांची नेहमीची द्रवे ग्लायकॉल ईथरपासून बनतात, हवेतले पाणी शोषून घेतात आणि इंजिन ऑइलमध्ये नीट मिसळत नाहीत. म्हणजे बेअरिंग आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांच्यावर जिथे तेलाचा अखंड थर हवा, तिथे आपण वंगण म्हणून निरुपयोगी असा पदार्थ मुद्दाम पाठवतो. रबराचे म्हणाल, तर सील बनवणाऱ्या पार्कर कंपनीचे ओ-रिंग हँडबुक जगभर प्रमाण मानले जाते आणि त्यात कोणत्या द्रवात कोणते रबर टिकते याचे तक्ते आहेत. ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी त्यात ईपीडीएम रबर सांगितले आहे आणि तेच रबर खनिज तेलात वापरू नये, असेही बजावले आहे. इंजिनात याच्या नेमके उलट असते. तिथली सील नायट्राइल, पॉलिअ‍ॅक्रिलेट किंवा फ्लुओरोकार्बन रबराची असतात. ती खनिज तेलात वर्षानुवर्षे टिकतात, पण ब्रेक ऑइलशी त्यांचे जमत नाही.

ज्यांना तक्त्यांवर विश्वास ठेवायचा नाही, त्यांनी कोणत्याही गॅरेजमध्ये विचारून पाहावे. ब्रेकच्या डबीत चुकून इंजिन ऑइल पडले, की मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ब्रेकला दाब देणाऱ्या नळकांड्याची) रबरे फुगतात आणि ब्रेक अडकून बसतात, हे तिथल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. तोच नियम उलट दिशेने इंजिनाला लागू होतो. सील फुगते, हे संदेशातले विधान खोटे नाही आणि काही दिवस गळती कमी झाल्यासारखी वाटेल, हेही मी नाइलाजाने मान्य करतो. परंतु फुगलेले रबर मऊ पडते, फिरत्या शाफ्टवर घासून त्याची कड झिजते आणि मग आधी जिथे थेंब पडत होता तिथे धार लागते. शिवाय ओतलेले द्रव फक्त गळक्या सीलपाशी जाऊन थांबत नाही. क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) दोन्ही सील, कॅमचे सील, व्हॉल्व्हची सील अशा चांगल्या असलेल्या रबरांनाही ते तितकेच बाधते. एका सीलच्या दुखण्यापायी सगळे इंजिन खोलण्याची वेळ आणणारा हा उपाय स्वस्त कसा, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावे.

थेंबाच्या बरोबर वर दोष असतो, हा दुसरा गैरसमज अधिक सभ्य दिसतो, पण गाडीमालकाचा खरा खर्च त्यातूनच होतो. तेल गळतीच्या जागेवरून खाली ओघळते, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते, ब्लॉकच्या कडेकडेने वाट काढते आणि जो भाग सर्वांत खाली असेल तिथून टपकते. मारुती ८०० चेच उदाहरण घ्या. तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनात, कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांमध्ये, डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) हा हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडील टोकाला बसवलेला असतो. त्याची रबरी रिंग जुनी होऊन कडक झाली, की तेल हेडच्या मागच्या अंगाने गिअरबॉक्सच्या घंटेवर (क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचावर) उतरते आणि तिथून जमिनीवर पडते. खालून पाहणाऱ्याला ते हुबेहूब क्रँकच्या मागच्या सीलची गळती वाटते. ते सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो आणि मजुरीचा आकडा जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. आणि एवढे करूनही गळती तशीच राहते, कारण दोष वरच्या बोटभर रिंगमध्ये होता.

म्हणून शोध खालून नव्हे, वरून सुरू करावा लागतो. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्युटर आणि वायरिंग प्लॅस्टिकने झाकून बाहेरचा सगळा मळ डिझेलने किंवा डीग्रीझरने धुऊन काढावा आणि इंजिन पूर्ण कोरडे करावे. त्यानंतर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन पाहावे. पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ स्पष्ट उमटते. ती रेघ वर वर शोधत गेल्यास सर्वांत उंचावर जिथे पावडर ओली झालेली असेल, ती जागा पहिली आरोपी. टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची रिंग, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक, मग टायमिंग बेल्टच्या बाजूची सील आणि शेवटी ऑइल चेंबर व ड्रेन नटचा वॉशर असा क्रम ठेवला, तर बहुतेक गळती क्रँकच्या मागच्या सीलपर्यंत पोहोचण्याआधीच सापडते. गळती फारच बारीक असेल, तर तेलात घालायचा चमकणारा रंग आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा ही जोडीही कामाला येते. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोकळीतली) वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने तुंबली असेल, तर आतला दाब वाढून नवी सीलही गळू लागतात, त्यामुळे कोणतेही पॅकिंग बदलण्यापूर्वी तो तपासलेला बरा.

जाड ऑइलच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे. ऑइलचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई जे ३०० या मानकानुसार १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडची स्निग्धता, म्हणजे जाडपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (हे स्निग्धतेचे एकक) दरम्यान, तर ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असते. साहजिकच ५० ग्रेड फटीतून जरा सावकाश झिरपते. आपल्याकडच्या हवामानात, मालकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर, २०डब्ल्यू-५० (गरम असताना ५० ग्रेडचे) ऑइल घातल्याने जुन्या इंजिनाचे काही बिघडत नाही. परंतु गळती मंदावणे आणि थांबणे यांत फरक आहे, आणि फाटलेले पॅकिंग कोणत्याही ग्रेडच्या तेलाने शिवले जात नाही.

नट जोर लावून आवळण्याबद्दल एवढेच सांगतो, की पत्र्याचे कव्हर त्याने वाकते, पॅकिंग दबून बाहेर येते आणि गळती वाढते.

लाल दिव्याबद्दलचा सल्ला मात्र ब्रेक ऑइलइतकाच घातक आहे. तो दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. पंपाला ओढायला तेल उरले नाही म्हणजे दाब पडतो आणि दिवा लागतो, तेव्हा बेअरिंगची झीज सुरू झालेली असते. गळकी गाडी चालवायचीच असेल, तर दर रविवारी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पाहावी. टॅपेट कव्हरमधून निघालेले तेल गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडून जळका वास येत असेल, तर रविवारचीही वाट पाहू नये, कारण तिथे प्रश्न तेलाच्या खर्चाचा राहत नाही, आगीचा होतो.