तळे राखी, बगळा चाखी

तळे राखी तो पाणी चाखी, ही म्हण ज्याने रचली त्याने बागेतल्या तळ्यात मासे पाळलेले नसावेत. आमच्याकडे कामाची वाटणी अशी आहे की राखण मी करतो आणि चाखायचे काम राखी बगळा पाहतो.

या बगळ्याविषयी मला व्यक्तिशः आकस नाही. आमच्या बागेकडे इतक्या एकाग्रतेने आजवर दुसऱ्या कोणीही पाहिलेले नाही. उंची जवळपास तीन फूट, वजन जेमतेम दीड-दोन किलो, आणि तो सारा काटकुळा डोलारा उथळ पाण्यात रोवून, मान छातीशी दुमडून, पिवळा डोळा पाण्यावर लावून तो असा निश्चल होतो की पाहणाऱ्यालाच अवघडल्यासारखे वाटावे. पाण्यात प्रकाश वाकत असल्यामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो, हे शाळेत शिकवूनही माझ्या नीट गळी उतरले नव्हते. बगळा मात्र तेवढा फरक हिशेबात धरूनच चोच मारतो आणि मासा डोक्याकडून गिळतो.

माशांची बाजू घ्यावी, तर तीही फारशी भक्कम नाही. सोनमाशांचे पूर्वज मळकट, हिरवट-तपकिरी होते आणि पाण्यात सहजी नजरेला पडत नसत. सुमारे हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या हौशी लोकांनी त्यांतले नेमके पिवळे-केशरी मासे निवडून वाढवले, म्हणजे आकाशातून स्पष्ट दिसेल अशी सोय माणसानेच करून ठेवली. पिल्ले अजूनही मळकट रंगाचीच जन्मतात, पण मोठी होता होता त्यांना शोभिवंत होण्याची दुर्बुद्धी सुचते. त्यात काठावर उभी सावली पडली की खाणे मिळते, एवढे एकच ज्ञान आम्ही त्यांना दिलेले असल्यामुळे बगळ्याची सावली पडताच ती मंडळी तोंडे उघडून स्वागताला वर येतात.

सल्ला देणाऱ्यांची वाण नव्हती. प्लास्टिकचा बगळा उभा करा, खरा बगळा दुसऱ्याच्या हद्दीत उतरत नाही, असे शेजारच्या काकांनी छातीठोकपणे सांगितले. परंतु राखी बगळे घरटी बांधतात ती वसाहत करून, त्यामुळे आमच्या पाहुण्याने त्या पुतळ्यावरून, इथे मासे मिळतात, एवढाच बोध घेतला. मग काठाशी तंगूस ताणून झाला. बगळा सहसा जमिनीवर उतरून चालत पाण्यात शिरतो, त्यामुळे त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर दोरी बांधावी असे म्हणतात. (बगळ्याचा गुडघा दिसतो तो सांधा खरे तर त्याचा घोटा असतो, पण दोरी बांधताना या शास्त्राचा उपयोग होत नाही.) त्या दोरीत बगळा अडकला नाही, वडील मात्र अडकले. हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारे यंत्रही आणले. हालचाल न करण्यातच ज्याचे आयुष्य गेले, त्याला अशा यंत्राने पकडावे ही अपेक्षा मला मुळातच खटकत होती, आणि झालेही तसेच: आमचे वाळत घातलेले कपडे तेवढे पुन्हा पुन्हा धुऊन निघाले.

मांजराचे फारसे मनावर घेऊ नये. काठ पाण्यापासून वीतभर उंच असला की ते नुसते बसून राहते. खंड्या वरून सूर मारतो, पण त्याला झेपतो तो बोटभर मासाच.

खरा उपाय कुदळ-फावड्याचा आहे. काठ उतरता न ठेवता सरळ उभा कापावा आणि पाणी तीन फूट तरी खोल असावे, म्हणजे बगळ्याला पाय टेकायला जागाच उरत नाही. तळाशी रुंद पाइपाचे तुकडे ठेवले की माशांना दडायला घर होते. वर जाळी हवी, आणि तीही चांगली ताणलेली, कारण सैल जाळीत बेडूक नि साप अडकतात, शिवाय बगळा तिच्यावरच उभा राहून ती खाली दाबतो आणि भोकातून आपले काम उरकतो.

हे सगळे यथासांग केल्यापासून मासे सुरक्षित आहेत, फक्त ते कोणाला दिसत नाहीत. तळ्यात मासे आहेत याला पुरावा काय, असे मुलीने परवा विचारले. टाकलेले खाणे संपते, हाच पुरावा, असे मी तिला सांगितले.

“ते तर बेडूकही खात असतील,” असे आई आतून म्हणाली.