कागदावरचा गणपती आणि म्हापशाची सायबीण

पोस्ट लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

यंदा चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्याकडे गोव्यात आरतीपेक्षा वादच जास्त वेळ चालला. विषय काढला पुतण्याने. सासूबाई दर वर्षी ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारिया माउलीच्या, फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) म्हापशाला जातात, तेल घालतात, मेणबत्ती लावतात. "काकी, हे आपल्या धर्मात बसत नाही. आजीला कुणीतरी सांगायला हवं," असं त्याचं म्हणणं.

हे तो बोलत होता आमच्या गणपतीसमोर बसून. आणि आमचा गणपती मातीचा नाही, कागदावरचा आहे. वर माटोळी (फळं-फुलं टांगलेली चौकट), पुढ्यात पत्री आणि मध्ये चित्र. घराणं मूळ तिसवाडीतलं. पोर्तुगीज काळात मूर्ती घरात सापडली तर धडगत नव्हती, कागद मात्र गुंडाळून लपवता यायचा, असं घरात सांगतात. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, 1812 मध्ये कायमचं बंद झालं. त्यानंतर मूर्ती आणायला आम्हाला कुणी अडवलं होतं? पण आता विचारून बघा. "आपल्यात मूर्ती चालत नाही" हेच उत्तर मिळेल. अडचणीत काढलेली सोय, तिचा कुळाचार झाला.

मग मी सातेरी या आमच्या ग्रामदेवीचं काढलं. तिचं रूप म्हणजे वारूळ. कितीतरी गावांत आजही गाभाऱ्यात वारूळच आहे. ही मातीतली देवी पुढे शांतादुर्गा झाली, शिव आणि विष्णू यांचं भांडण मिटवणारी म्हणून तिची कथा आली. कुणी फतवा काढून हे केलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या होत गेलं. आणि शास्त्रच म्हणत असाल तर ऋग्वेदातली जवळजवळ चौथा हिस्सा सूक्तं इंद्राची आहेत. विष्णूच्या वाट्याला मोजकी. आता सबंध गोव्यात मला इंद्राची जत्रा दाखवा.

देवांनी तर गावंही बदलली. मंगेश 1560 मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, करमळीचा ब्रह्मदेव थेट सत्तरीत. अंत्रुज महाल, म्हणजे आताचा फोंडा, तेव्हा आदिलशहाच्या ताब्यात. म्हणजे आपल्या देवांना आसरा मिळाला तो मुसलमान राजाच्या मुलखात. हे ऐकल्यावर पुतण्या मोबाइल बघायला लागला.

बरं, बदललो ते आपणच असंही नाही. पणजीची पायऱ्यांची इगर्ज (चर्च) सगळ्यांना माहीत आहे, 8 डिसेंबरचं फेस्तही. ती 'निष्कलंक गर्भसंभव' माउलीची, म्हणजे मारिया स्वतः जन्मपापाशिवाय आईच्या पोटी आली या श्रद्धेची. ही श्रद्धा प्रत्येक कॅथलिकाने मानलीच पाहिजे असं पोपने जाहीर केलं 1854 मध्ये! पणजीत त्या नावाची इगर्ज त्याआधी दोनशेहून जास्त वर्षं उभी होती. त्याच्याही आधी थॉमस अक्वायनससारखा मोठा पंडित या मताच्या विरोधात होता आणि डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन साधू यावरून शतकानुशतकं भांडले. म्हणजे लोक आधी, सिद्धांत मागून. मला तर हे वाचून आपल्या क्षेत्रोपाध्यांच्या (तीर्थक्षेत्रातल्या भटजींच्या) भांडणांची आठवण झाली.

फादर स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मगुरूने 1616 मध्ये रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं, तेही मराठी ओव्यांत, आणि त्यात स्वर्गाला बेधडक वैकुंठ म्हटलं. पुढे 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती घरांत तुळस लावायलासुद्धा बंदी केली. तरी आजही लग्नाआधी ख्रिस्ती नवरीला नारळाचा रोस (दूध) लावतात आणि आमच्या नवरीला हळद. दोन्हीकडच्या बायका गातात. आणि 1960 च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये होणारी मीस (चर्चमधली प्रार्थना) आता कोकणीत होते, कारण रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तशी मोकळीक दिली. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या मावशीला ते अजून पटलेलं नाही. "लॅटिन कळत नव्हतं, पण देवाला कळायचं," म्हणते.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं मी मुळीच म्हणत नाही. देवळं पाडली, लोक रातोरात नदी ओलांडून पळाले. ते विसरा असं सांगणाऱ्यांचाही मला राग येतो. पण त्याचा हिशेब ऐंशी वर्षांच्या बाईच्या तेलाच्या बाटलीतून वसूल करायचा का?

सासूबाई इतका वेळ मोदकांकडे होत्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सात बहिणी आहेत रे. लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई, आदादीपा, अंजादीपा आणि ही मिराबाई. शिरगावला लईराईच्या जत्रेला जाते तेव्हा कसा बोलत नाहीस?" त्यांच्या लेखी मिराबाई म्हणजेच सायबीण.

पुतण्या गप्प झाला, पटलं म्हणून नव्हे, मोदक गरम होते म्हणून. रात्री मात्र हळूच विचारलं, "काकी, हा कागद किती जुना?"

"हा? मागच्या वर्षीचा. आधीच्याला वाळवी लागली. हा लॅमिनेट करून घेतलाय."