ताप आला म्हणून पुढचा डोस बंद?

आमच्या धनकवडीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा फिरला. त्यात म्हटलंय: पेंटाव्हॅलंटच्या (पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या) डोसनंतर ताप आला, बाळ खूप रडलं, मांडीवर गाठ आली, तर लस मानवलेली नाही, पुढचे डोस बंद करा. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या लसीने मेंदूला इजा होते, परदेशात ती केव्हाच बंद झाली. आणि तक्रार करू नका, सगळं दाबलं जातं.

खालच्या मजल्यावरच्या मुलीने हे वाचून बाळाचा दहाव्या आठवड्याचा डोस पुढे ढकललाय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, ताप आला म्हणजे लस मानवली नाही. तसं नसतं. माझ्या लेकीला सहाव्या आठवड्याच्या डोसनंतर रात्री अकराला १०१.४ ताप होता. डाव्या मांडीवर सुपारीएवढी गाठ, पायाला हात लावला की किंचाळायची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चोळून दे जरा." चोळायचं नसतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सरकारी लसीत डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जंतू असतात. शरीर त्यांच्याशी लढायला शिकतं, तेव्हा पहिल्या एक-दोन दिवसांत ताप, सूज, किरकिर हे पुष्कळ बाळांना होतं. वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल, सुती कपडे, वरचेवर अंगावर पाजणं, गाठीवर गार ओली घडी. गाठ काही आठवडे राहिली तरी चालते. ती लाल, गरम होऊन वाढत गेली तर मात्र दाखवायची. एवढ्यावरून पुढचा डोस थांबत नाही.

पण मेसेज खरा वाटतो तो का, हेही सांगायला हवं. त्या दिवशी जिथे डोस घेतला, तिथे मला कुणी काहीच सांगितलं नाही. "होतं असं, जा घरी." अर्धा तास बसवूनही घेतलं नाही. रात्री मी एकटी जागत होते तेव्हा हाच मेसेज हातात असता, तर मीही विश्वास ठेवला असता.

म्हणून कधी धावायचं, ते नीट लक्षात ठेवा. तीन तासांहून जास्त वेळ एकसारखं, कशानेही न थांबणारं रडणं. झटका. बाळ अचानक लुळं, फिकट पडून हाकेला प्रतिसाद न देणं. श्वासाला त्रास, ओठ निळे, चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी. यातलं काहीही दिसलं की रात्र असो, दवाखाना गाठायचा. तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा डोसनंतर सात दिवसांत दुसरं कारण नसताना मेंदूचा गंभीर आजार झाला असेल, तर डांग्या खोकल्याची लस पुन्हा देत नाहीत. बाकीच्या त्रासांत काय करायचं, ते डॉक्टर बाळ तपासून ठरवतात. ग्रुप ठरवत नाही.

मेंदूला इजा. ही भीती ब्रिटनमधून आली. १९७४ मध्ये तिथे ३६ मुलांवर एक लेख छापून आला, वर्तमानपत्रांनी तो उचलला, लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० च्या आसपास घसरलं आणि डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. जपानमध्येही लस मागे पडली. १९७९ मध्ये तिथे १३ हजारांवर रुग्ण आणि ४१ मृत्यू. लसीमुळे मेंदूला इजा झाली असं मानलेल्या १४ रुग्णांची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातल्या ११ जणांत एका जनुकातला दोष सापडला. त्यांचा फिट्सचा आजार त्या दोषातून आलेला होता. तापाने पहिला झटका लवकर आला असेल, एवढंच.

परदेशात बंद. बंद नाही, प्रकार बदलला. अमेरिका-ब्रिटनमध्ये जंतूचे निवडक भाग असलेली लस देतात. पुण्यातल्या खासगी दवाखान्यांत 'वेदनारहित' म्हणतात ती हीच. ताप कमी येतो, पण संरक्षणही लवकर ओसरतं. ज्याला परवडते त्याने डॉक्टरांशी बोलून घ्यावी, पण कुठलाच डोस न घेणं हा त्याला पर्याय नव्हे. तान्ह्या बाळाला या आजारात कधी खोकलाही येत नाही, श्वासच थांबतो.

तक्रार दाबली जाते. न नोंदवलेली तक्रार दाबायचीही गरज नसते. गंभीर त्रास झाला तर लस देणाऱ्या सिस्टरला किंवा आशाताईंना लगेच कळवा. त्यांनी तो वर कळवायचा असतो, आणि जिल्ह्याची समिती चौकशी करते. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पालकही थेट सांगू शकतात. कार्डावर डोसची तारीख असते. लसीचा बॅच नंबरही तिथेच लिहून मागा.

मी तापाचे आकडे आणि वेळा कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. पुढच्या डोसला डॉक्टरांनी ते वाचलं, मांडी दाबून पाहिली आणि या वेळी दुसऱ्या मांडीत सुई दिली. काल तेच कार्ड खाली नेऊन दाखवलं. सोमवारी आम्ही दोघी बाळाला घेऊन जातोय.