मुरगावचे एक जहाज तांदूळ सुदानचा दुष्काळ मिटवू शकत नाही

गोव्यात सध्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे: मुरगाव बंदरातून उकड्या तांदळाचे एक जहाज सुटले तर सुदानचा दुष्काळ मिटेल, पैसे मात्र देऊ नका, ते खाल्ले जातात. लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे, हिशेब मात्र चुकलेला आहे. आणि याच समजुतीवर आंतरराष्ट्रीय मदत वर्षानुवर्षे चालली, त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली.

आधी जहाज. मदतीच्या शिध्यात माणशी रोज साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ आणि २५ ते ३० ग्रॅम तेल असते. दहा लाख माणसांना दिवसाला नुसते धान्यच ४०० टन लागते, म्हणजे १०,००० टनांचे जहाज २५ दिवसांत संपते. जहाज लागणार पोर्ट सुदानला आणि उपाशी माणसे पश्चिमेच्या दार्फुरमध्ये, तिथून दीड हजार किलोमीटरहून दूर. तिथे रोज २० टनांचे २० ट्रक पोहोचायला हवेत, तेही लढाईतून आणि नाक्यानाक्यावर परवाने दाखवत. शेजारच्या चाड देशातून आद्रे या सीमेवरच्या गावावरून येणारा जवळचा मार्ग सुदानच्या लष्करी सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला. तो उघडला ऑगस्टच्या मध्यावर. तोवर दार्फुरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला होता आणि पावसाने दार्फुरचे रस्ते तुटायला लागले होते. गोव्यात उतरणारे अनमोड आणि चोर्ला दोन्ही घाट बंद पडले, तर बेळगावात भाजीचे ढीग असूनही म्हापशाच्या बाजारात ती येत नाही. सुदानातही पूर्वेला गेदारेफच्या शेतांत ज्वारी पिकते, पण रस्ता बंद असला की ती दार्फुरला पोहोचत नाही.

तांदूळ पोहोचला तरी तो शिजवायला पाणी, भांडे आणि सरपण लागते. उकड्याला तर जास्तच. सरपणासाठी छावणीबाहेर जाणाऱ्या बायकांवर हल्ले होतात. आणि ज्या लहान मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला आहे, म्हणजे जे गंभीर कुपोषित आहे, ते भातावर सावरत नाही. ते आजारी असेल, खात नसेल, तर आधी १०० मिलिलिटरमागे ७५ कॅलरींचे खास दूध दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे लागते. एकदम भरपेट दिले तर रक्तातले क्षार ढासळतात आणि मूल दगावू शकते. मग ९२ ग्रॅमच्या, ५०० कॅलरींच्या शेंगदाणा-पेस्टच्या पुड्या सहा ते आठ आठवडे. शिवाय गोवराची लस, क्षारसंजीवनी आणि स्वच्छ पाणी, कारण दुष्काळात बरीच मुले शेवटी गोवर आणि जुलाबाने जातात.

‘बातमी आली की लगेच पाठवू’ हेही त्याच संदेशात आहे. सोमालियात इशारे २०१० पासून मिळत होते. दुष्काळ जाहीर झाला २० जुलै २०११ रोजी. त्या संकटात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुले. जाहीर होईपर्यंत मोठा भाग आधीच गेला होता. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे त्या देशाच्या अन्नमदतीचा किमान निम्मा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच न्यावा लागतो. असे धान्य पोहोचायला चार-सहा महिने लागत आले आहेत.

राहिला पैसा. चोरी होते, पण गोण्यांचीही होते. १९७२-७३ च्या दुष्काळातली लोकांना मिलो ही आयात केलेली ज्वारी आणि सुकडी आठवते. पण महाराष्ट्र तगला तो दुष्काळी कामांवरच्या मजुरीने. मे १९७३ मध्ये त्या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. सोमालियातही २०११ च्या उत्तरार्धात रोख रक्कम आणि व्हाउचर दहा लाखांहून अधिक लोकांपर्यंत गेले. दार्फुरमधल्या अल-फाशेर शहराला २०२५ पर्यंत वेढा होता, तेव्हा मात्र तिथला बाजारच रिकामा होता आणि नोटाही कुचकामी होत्या. अशा ठिकाणी रस्ता उघडण्यासाठी राजकीय दबावच हवा.

इतर ठिकाणी सुदानी स्वयंसेवक सामुदायिक स्वयंपाकघरे चालवतात. स्थानिक बाजारातून धान्य घेऊन ते गल्लीतच शिजवतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी निधी थांबला आणि त्यांतली शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. त्यांना हवा होता तो पैसाच.